शास्त्रज्ञाचा प्रभाव मोजताना: सायटेशनच्या यादीपासून सहलेखकांच्या जाळ्यापर्यंत

एखाद्या संशोधकाचे नाव गूगल स्कॉलरवर शोधले आणि त्याचे प्रोफाइल सापडले, तर बाजूला तीन आकडे लगेच दिसतात: एकूण सायटेशन (इतर पेपरांनी त्याच्या पेपरांचे दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स आणि आय१०-इंडेक्स (या दोन्हींचे गणित चौथ्या पायरीत येते). नवखा माणूस ते उतरवून घेतो आणि काम झाले असे समजतो. खरे तर काम अजून सुरूही झालेले नसते. हे आकडे त्याच्या पेपरांच्या एका यादीवरून निघतात. त्या यादीत दुसऱ्याच कोणाचे पेपर घुसलेले असतात, त्या माणसाचे स्वतःचे काही गळालेले असतात आणि एखादा पेपर दोनदा मोजलेला असतो. गणित अर्ध्या तासाचे आहे, वेळ जातो तो यादी निस्तरण्यात. म्हणून इथेही जास्त जागा यादीलाच दिली आहे.

साधने फार लागत नाहीत. एक स्प्रेडशीट हवी आणि सहलेखकांचा नकाशा काढायचा असेल तर व्हीओएसव्ह्यूअर हे मोफत सॉफ्टवेअर हवे. संस्थेकडे स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सशुल्क सायटेशन-डेटाबेसचे सदस्यत्व असेल तर ते वापरा, नसेल तर ओपनॲलेक्स या खुल्या डेटाबेसवर बरेचसे भागते.

आधी प्रश्न कागदावर लिहा

‘प्रभाव’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे प्रश्न लपलेले असतात. या माणसाचे काम इतरांनी किती वापरले? त्याच्याच विषयातल्या, त्याच्याच काळातल्या लोकांच्या तुलनेत तो कुठे आहे? आणि सामूहिक कामात त्याचा स्वतःचा वाटा किती, तो कोणाकोणाला जोडतो? पहिल्या प्रश्नाला सायटेशनची संख्या थोडेफार उत्तर देते. दुसऱ्याला विषयानुसार समायोजित केलेला आकडा लागतो. तिसऱ्यासाठी सहलेखकांचा अभ्यास करावा लागतो, तिथे एच-इंडेक्स काहीच सांगत नाही.

कालखंडही आत्ताच ठरवा: संपूर्ण कारकीर्द घ्यायची की शेवटची पाच-दहा वर्षे? आकडे समोर आल्यावर कालखंड ठरवला, तर आवडता माणूस चांगला दिसेल असाच कालखंड निवडला जातो. हे बहुतेकांच्या हातून नकळत होते.

पायरी १: माणूस नक्की कोण, ते ठरवा

नावावर विसंबू नका. ‘वांग वेई’ किंवा ‘किम जे’ या नावाने शेकडो संशोधक लिहितात. लग्नानंतर आडनाव बदलते, काही जर्नल फक्त आद्याक्षरे छापतात, एकच नाव वापरणाऱ्या लेखकाचे नाव दोनदा छापले जाते, स्पॅनिश दुहेरी आडनावांपैकी कधी पहिले गळते तर कधी दुसरे.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ऑर्किड क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक. ही नोंदणी ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. क्रमांक सोळा स्थानांचा असतो, चार-चारच्या गटांत लिहिलेला. शेवटचे स्थान तपासणीचे असते आणि तिथे अंकाऐवजी कधीकधी ‘एक्स’ येतो. एक खाच इथेच आहे. मधल्या रेघा काढून हा क्रमांक एक्सेलमध्ये टाकला, तर एक्सेल त्याला संख्या समजते, पंधरा अंकच जपते आणि सोळाव्या जागी शून्य ठेवते. म्हणून तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या. ऑर्किडची यादी संशोधक स्वतः भरतो, त्यामुळे ती अर्धवट किंवा रिकामीही असू शकते. क्रमांक ओळखीसाठी वापरा, पूर्ण यादीसाठी नव्हे.

ऑर्किड नसेल तर संशोधकाचा सीव्ही मिळवा आणि पदवी कधी-कुठे, नोकरी कुठे-कुठे, विषय कोणता, याची कालरेषा एका कागदावर काढा. पुढे प्रत्येक संशयास्पद पेपर याच रेषेवर ठेवून बघायचा आहे.

पायरी २: डेटाबेस निवडा, आणि एकच निवडा

युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली आणि १९६० च्या दशकात त्यांच्या संस्थेने सायन्स सायटेशन इंडेक्स बाजारात आणला. आजचे वेब ऑफ सायन्स त्याचेच वंशज. इथे जर्नल निवडून घेतली जातात, म्हणून कचरा कमी, पण परिषदांमधले पेपर आणि पुस्तके तुलनेने कमी सापडतात. संगणकशास्त्रात महत्त्वाचे काम परिषदांमध्येच छापले जाते, त्यामुळे त्या विषयातल्या माणसाला या डेटाबेसवर तोलणे अन्यायाचे ठरते.

स्कोपस २००४ मध्ये आले. व्याप्ती थोडी मोठी आणि लेखकांना आपोआप ओळखक्रमांक देण्याची सोय बरी. जुन्या पेपरांची संदर्भसूची मात्र त्यात १९७० पासूनच पद्धतशीर आहे. १९६० च्या दशकात गाजलेल्या माणसाच्या सुरुवातीच्या सायटेशन तिथे दिसणार नाहीत.

गूगल स्कॉलरही २००४ चेच. प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधी वेबवर ठेवलेला मसुदा), अहवाल, पुस्तके असे जे सापडेल ते मोजते, त्यामुळे आकडा जवळजवळ नेहमीच सर्वांत मोठा येतो. मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांसाठी ही व्याप्ती फार उपयोगी पडते. मात्र दाराशी पहारेकरी नाही. २०१० मध्ये फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ सिरिल लाबे यांनी ‘आइक अँटकेअर’ नावाचा काल्पनिक लेखक तयार केला, यंत्राने रचलेले निरर्थक पेपर एकमेकांना संदर्भ देतील अशा रीतीने वेबवर ठेवले, आणि या अस्तित्वात नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ पर्यंत नेऊन दाखवला.

ओपनॲलेक्स जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले, मायक्रोसॉफ्टने आपली शैक्षणिक माहितीची सेवा बंद केल्यानंतर. त्यातली माहिती कोणीही कशीही वापरू शकतो, म्हणून दुसऱ्याला तुमचे गणित पडताळून बघता येते. हा माझ्या मते फार मोठा फायदा आहे. तिथली लेखक-ओळख संगणक ठरवतो. तो एकाच माणसाचे दोन तुकडे करतो, कधी दोन माणसांना एक करतो. तपासल्याशिवाय वापरू नका.

एका तुलनेत सगळ्यांसाठी एकच डेटाबेस. एकाचा एच-इंडेक्स गूगल स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतला, तर त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही. वाईट म्हणजे ही चूक नुसत्या आकड्यावरून कोणाच्या लक्षातही येत नाही.

गूगल स्कॉलरवरून यादी उतरवायला ‘पब्लिश ऑर पेरिश’ हे मोफत सॉफ्टवेअर चालते. एकामागून एक भराभर शोध घेतले की गूगल काही काळ अडवते, तेव्हा थांबून थांबून काम करा.

पायरी ३: यादी साफ करा

डेटाबेसमधून सीएसव्ही फाइल उतरवा. पुढचे रकाने ठेवा: डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक), शीर्षक, वर्ष, प्रकार, जर्नल, एकूण लेखक किती, आपला माणूस कितव्या जागी, पत्रव्यवहारासाठी त्याचे नाव आहे का, सायटेशन, शेरा. वर एका चौकटीत माहिती उतरवल्याची तारीख लिहा. सायटेशन रोज बदलतात. तारखेशिवाय लिहिलेला आकडा महिन्याभराने कोणाशीच जुळत नाही आणि मग चूक कुठे झाली हे शोधत बसावे लागते.

आता दोन्ही बाजूंनी पडताळणी. सीव्हीतले वीस पेपर कोणताही क्रम न लावता निवडा आणि डेटाबेसच्या यादीत शोधा. वीसपैकी दोन-तीनपेक्षा जास्त पेपर गायब निघाले, तर या माणसाचा दुसरा लेखक-क्रमांक तयार झालेला असण्याची दाट शक्यता आहे, तो शोधून यादीत मिळवा. मग उलट दिशेने: यादीतले वीस पेपर सीव्हीत आहेत का बघा. नसतील तर परके पेपर आले आहेत. यादीत तीसच पेपर असतील तर नमुना कशाला, सगळेच तपासा.

परका पेपर ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. विषयाने अचानक मारलेली उडी, कालरेषेत नसलेले शहर, संशोधक शाळेत असतानाचे वर्ष, आणि एकही ओळखीचा सहलेखक नसणे. यातली एकच खूण दिसली तर काढून टाकू नका, माणसे विषय बदलतात. दोन-तीन एकत्र दिसल्या तर पेपर उघडून पत्ता वाचा. गूगल स्कॉलर प्रोफाइलमध्ये नवे लेख आपोआप जोडण्याची सोय सुरू ठेवलेली असते तेव्हा परके पेपर सर्वाधिक शिरतात. बऱ्याचदा त्या प्रोफाइलच्या मालकालाही याचा पत्ता नसतो.

दुहेरी नोंदींचा प्रकार थोडा नाजूक आहे. एकच काम आधी प्रीप्रिंट म्हणून आणि नंतर जर्नलमध्ये येते, आणि दोघांना वेगवेगळ्या सायटेशन मिळतात. इथे दोन्ही संख्यांची बेरीज करण्याचा मोह होतो. ती चूक आहे, कारण एखाद्या पेपरने दोन्ही आवृत्त्यांचा संदर्भ दिलेला असू शकतो. दोन्हींच्या सायटेशन देणाऱ्या पेपरांच्या याद्या उतरवा, एकत्र करा, दुहेरी नोंदी काढा, मग मोजा. डीओआय जुळवताना सुरुवातीचा वेबपत्त्याचा भाग काढून टाका आणि सगळी अक्षरे लहान लिपीत आणा. डीओआयमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक नसतो, पण स्प्रेडशीटचे काही हिशेब तो फरक मानतात.

मागे घेतलेले पेपर वेगळे चिन्हांकित करा. अशा पेपरांची रिट्रॅक्शन वॉचची नोंदवही २०२३ मध्ये क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेने घेतली आणि ती सर्वांना मोफत उपलब्ध आहे. मागे घेतल्यावरही पेपरला सायटेशन मिळत राहतात, त्यामुळे डेटाबेसचा आकडा तुम्हाला सावध करणार नाही. संपादकीय, पत्रे, दुरुस्त्या, परिषदेतले गोषवारे हेही मूळ संशोधनापासून वेगळे ठेवा. आढावा-लेखांसाठी वेगळी खूण करा, कारण त्यांना मूळ संशोधनापेक्षा साधारणपणे जास्त सायटेशन मिळतात.

पायरी ४: गणित

समजा साफ केलेल्या यादीत १२ पेपर उरले आणि सायटेशन उतरत्या क्रमाने अशा आहेत: ९६, ५४, ४१, ३०, २२, १५, ११, ८, ६, ४, १, ०. एकूण २८८.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. उतरत्या क्रमाने लावलेल्या यादीत खाली जात राहायचे. ज्या शेवटच्या क्रमांकाला सायटेशन त्या क्रमांकाएवढ्या किंवा जास्त आहेत, तो क्रमांक म्हणजे एच. इथे आठव्या पेपरला ८ आहेत, नवव्याला ६ च. म्हणून एच ८. आय१० म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर, ते ७ आहेत.

२००६ मध्ये लिओ एग्गे यांनी जी-इंडेक्स मांडला. त्यात वरच्या ‘जी’ पेपरांच्या सायटेशनची बेरीज ‘जी’च्या वर्गाएवढी किंवा जास्त असावी लागते. आपल्या उदाहरणात १२ चा वर्ग १४४, बेरीज २८८, म्हणून जी १२. पण काही साधने यादीच्या शेवटी शून्य सायटेशनचे काल्पनिक पेपर जोडू देतात. मग १६ चा वर्ग २५६ बसतो, १७ चा वर्ग २८९ एका सायटेशनने हुकतो आणि जी १६ येतो. एकच माणूस, एकच यादी, दोन उत्तरे. कोणता नियम वापरला ते लिहून ठेवा.

एच-इंडेक्सचे दुखणे याच उदाहरणात दिसते. पहिल्या पेपरला ९६ ऐवजी ९६०० सायटेशन असत्या तरी एच ८ च राहिला असता. उलट एच ९ करायला आठव्या पेपरला एक आणि नवव्याला तीन, एवढ्याच सायटेशन पुरतात. म्हणजे संशोधकाने स्वतःचे आणखी तीन पेपर लिहून प्रत्येकात या दोघांचा संदर्भ दिला की झाले. अगदी सीमेवरच्या पेपरांवर स्वतःचेच संदर्भ साचलेले दिसले तर तिकडे जरा निरखून पाहावे.

सरासरीही फसवते. इथे सरासरी २४ आहे आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) १३, कारण वरचा एक पेपर सरासरी ओढतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण स्फटिकशास्त्रातले आहे. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलमध्ये २००८ मध्ये शेलएक्स या संगणक-प्रणालीविषयी जॉर्ज शेल्ड्रिक यांचा लेख आला, आणि ती प्रणाली वापरणारा जो तो त्याचा संदर्भ देऊ लागला. त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी मिळालेल्या सायटेशनची सरासरी) साधारण २ च्या आसपास असे, तो २००९ साठी ४९.९ वर गेला, आणि दोन वर्षांची खिडकी ओलांडताच पुन्हा खाली आला. त्याच काळात त्याच जर्नलमध्ये छापलेल्या बाकीच्या पेपरांना या ४९.९ शी काही देणेघेणे नव्हते. म्हणून जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाच्या खात्यात कधीही मांडू नका. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ठरलेल्या आणि ‘डोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाहीरनाम्याचा मुख्य आग्रह हाच आहे.

कारकिर्दीची लांबी वेगवेगळी असेल तर एच थेट ताडून बघता येत नाही, कारण तो कमी होत नाही, वाढतच जातो. हिर्श यांनीच सुचवलेला उपाय म्हणजे पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी एच भागणे. दहा वर्षांत ८, म्हणजे ०.८. बालसंगोपन, आजारपण अशा कारणाने पडलेला खंड त्या वर्षांतून वजा करा.

पायरी ५: विषय आणि वर्ष लक्षात घेऊन तुलना

गणितात संदर्भसूची आखूड असते आणि पेपरची दखल घ्यायला वर्षे लागतात, पेशी-जीवशास्त्रात सूची लांब आणि वेग जास्त. दोन्हीकडच्या ३० सायटेशन सारख्या नव्हेत. त्यावर उपाय असा: प्रत्येक पेपरच्या सायटेशनना, त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या जागतिक सरासरीने भागा. १ आले तर सरासरीइतके, २ आले तर दुप्पट.

तीन पेपर घ्या. ३० सायटेशन, अपेक्षित १२, म्हणजे २.५. दुसऱ्याला ८, अपेक्षित ४, म्हणजे २. तिसऱ्याला १५, अपेक्षित २०, म्हणजे ०.७५. या तीन गुणोत्तरांची सरासरी १.७५. पण आधी सगळ्यांची बेरीज करून भागले, तर ५३ भागिले ३६, म्हणजे १.४७ येते. दुसऱ्या पद्धतीत ज्या विषयात सायटेशन मुळातच जास्त त्याचे वजन वाढते, म्हणून आता पहिली पद्धत वापरतात. अपेक्षित आकडे स्वतः काढत बसू नका. स्कोपसच्या सायव्हॅलमध्ये, वेब ऑफ सायन्सच्या इनसाइट्समध्ये आणि ओपनॲलेक्समध्ये तयार गुणोत्तर मिळते. वैद्यकीय विषयांसाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचे आयसाइट हे मोफत साधन आहे. त्यात १ म्हणजे त्या क्षेत्रात एनआयएचच्या पैशावर झालेल्या मध्यक पेपरइतके. ही तुलना जागतिक सरासरीशी नसते, म्हणून त्याचा १ आणि सायव्हॅलचा १ शेजारी ठेवू नका.

ताज्या पेपरांच्या बाबतीत ही गुणोत्तरे वेडीवाकडी उडतात. अपेक्षित आकडाच ०.२ असेल तर एका सायटेशनने ५ येतात. दोन वर्षांच्या आतले पेपर वेगळ्या ओळीत दाखवा. सरासरीच्या जोडीला आणखी एक गोष्ट द्या: किती टक्के पेपर आपापल्या विषयातल्या वरच्या १० टक्क्यांत आले. एखाद्या अफाट गाजलेल्या पेपरमुळे हा आकडा हलत नाही, आणि वाचणाऱ्यालाही तो पटकन समजतो. एकच आकडा निवडायची सक्ती झाली तर आम्ही हाच निवडू.

पायरी ६: सायटेशन कोणाकडून आल्या

स्वतःचा संदर्भ देणे हा गुन्हा नाही. सलग एकाच प्रश्नावर काम करणारा माणूस आधीच्या कामाचा उल्लेख करणारच. तरी आकडा दोन प्रकारे काढा. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये निवडलेल्या लेखकाचे स्वतःचे संदर्भ वगळता येतात आणि सर्व लेखकांचे, म्हणजे सहलेखकांनी दिलेलेही, वगळता येतात. दुसरा पर्याय जास्त कडक आहे आणि मोठ्या प्रयोगशाळांच्या बाबतीत तोच खरे चित्र दाखवतो, कारण तिथे विद्यार्थीच मार्गदर्शकाचे संदर्भ देत असतात.

मग सायटेशन देणाऱ्या पेपरांची यादी उतरवून तीन प्रश्न विचारा. वेगवेगळे किती लेखक-गट आहेत? त्यातला किती भाग एकाच गटाकडून किंवा एकाच जर्नलमधून येतो? मूळ विषयाच्या बाहेरचे किती? एकाच छोट्या गटाकडून मोठा वाटा येत असेल, तर कारण शोधा. संदर्भांची देवाणघेवाण असू शकते, किंवा तो विषयच जगात चार प्रयोगशाळांपुरता असू शकतो. आकड्यावरून हे दोन्ही सारखेच दिसतात.

पायरी ७: सहलेखकांचे जाळे

आधी त्या विषयात लेखकांची नावे कोणत्या क्रमाने लावतात ते विचारून घ्या. जीवशास्त्रात पहिला लेखक प्रत्यक्ष काम करणारा आणि शेवटचा प्रयोगशाळेचा प्रमुख असतो. गणितात आणि मोठ्या कणभौतिकी प्रयोगांत क्रम वर्णानुक्रमाचा, तिथे पहिल्या नावाला काहीच अर्थ नाही. हे न बघता ‘प्रथम लेखक म्हणून पेपर’ मोजणारे कितीतरी अहवाल फिरत असतात. पेपरच्या शेवटी कोणी काय केले याचे निवेदन असेल तर ते वाचा. लेखकांचा वाटा नोंदवण्याच्या ‘क्रेडिट’ या पद्धतीत अशा चौदा भूमिका ठरवलेल्या आहेत, आणि वाटा समजण्यासाठी नावाच्या क्रमापेक्षा ते निवेदन कितीतरी चांगले.

मोजणीत मुख्य अडचण मोठ्या गटांची. २०१५ मध्ये ॲटलस आणि सीएमएस या कणभौतिकीतल्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर पेपर लिहिला, त्याचे ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पाने लेखक आणि संस्थांच्या नावांची. प्रत्येकाला प्रत्येकाचा सहलेखक धरले तर या एका पेपरमधून १,३२,७९,२८१ जोड्या निघतात. म्हणून वाटून मोजणी करा. मार्क न्यूमन यांची पद्धत सोपी आहे: ‘एन’ लेखकांच्या पेपरमध्ये प्रत्येक जोडीला १ भागिले एन-उणे-एक एवढे वजन. दोन माणसांचे तीन पेपर एकत्र आहेत, त्यांत लेखक अनुक्रमे २, ४ आणि २१. वजने १, ०.३३ आणि ०.०५, बेरीज १.३८. नुसत्या मोजणीत हेच ३ दिसले असते.

दोन संशोधकांचे नाते किती घट्ट, हे बघायला दोघांच्या एकूण पेपरांचाही विचार करा. एकाचे ४०, दुसऱ्याचे ९०, एकत्र १२. चाळीस गुणिले नव्वदचे वर्गमूळ ६०, म्हणून बंध १२ भागिले ६०, म्हणजे ०.२. हे सॅल्टनचे माप.

व्हीओएसव्ह्यूअरमध्ये नकाशा काढताना ‘क्रिएट’ दाबा, ग्रंथसूचीची माहिती निवडा, डेटाबेसमधून उतरवलेली फाइल द्या आणि विश्लेषणाचा प्रकार ‘को-ऑथरशिप’, घटक ‘ऑथर्स’ ठेवा. मोजणी ‘फ्रॅक्शनल’ करा. एका पेपरमध्ये जास्तीत जास्त २५ लेखक, ही मर्यादा तिथे आधीच भरलेली असते. गटाच्या आकाराप्रमाणे ती बदला. लेखकाचे किमान ५ पेपर ही अट मात्र एका माणसाच्या अभ्यासाला फार जाचक आहे, २ वर आणा. एकच माणूस दोन स्पेलिंगने आला असेल तर थिसॉरस फाइल तयार करा: साधी टॅबने विभागलेली मजकूर-फाइल, पहिल्या रकान्याला ‘लेबल’ आणि दुसऱ्याला ‘रिप्लेस बाय’ अशी इंग्रजी शीर्षके. शीर्षकांत चूक झाली तर फाइल वाचली जात नाही.

पहिला नकाशा बघून निराश व्हाल. सगळ्या रेषा मधल्या एका बिंदूला जातात, आणि तो बिंदू म्हणजे तुमचा शास्त्रज्ञच. यादीच त्याच्या पेपरांची आहे, दुसरे काय होणार? लेखक निवडण्याच्या पायरीवर त्याच्या नावावरची खूण काढा आणि नकाशा पुन्हा काढा. आता जे उरते ते वाचण्यासारखे असते. सगळे सहलेखक एकाच पुंजक्यात राहिले, तर माणूस एका गटात काम करतो. त्यांचे तीन-चार सुटे पुंजके झाले, तर एरवी एकमेकांशी न बोलणारे गट तो जोडतो. पुंजक्यांची नावे आणि वर्षे अहवालात लिहा. ‘बिटवीननेस’सारखे (जाळ्यात माणूस इतरांच्या किती मधोमध येतो हे मोजणारे) केंद्रीयतेचे आकडे मात्र या छोट्या जाळ्यावर काढू नका, त्यासाठी संपूर्ण क्षेत्राचे पेपर लागतात.

तरुण संशोधकासाठी एक चाचणी जरूर करा: पीएचडीच्या मार्गदर्शकाबरोबरचे पेपर बाजूला ठेवून सगळे आकडे पुन्हा काढा. तसेच सर्वांत मोठ्या गटाचे पेपर वगळूनही बघा. आकडा कोसळला तर तेही लिहा, पण निकाल देण्याची घाई करू नका. एखाद्या मोहिमेत उपकरण बांधणारा माणूस त्या गटाबाहेर दिसणारच नाही.

पायरी ८: चाळीस सायटेशन प्रत्यक्ष वाचा

ही पायरी सगळे टाळतात, आणि सर्वांत जास्त माहिती हीच देते. सायटेशन देणाऱ्या पेपरांच्या यादीला यादृच्छिक संख्यांचा रकाना जोडा, त्यावर क्रम लावा, वरचे चाळीस घ्या. डेटाबेसने लावलेल्या ‘संबद्धते’च्या क्रमाने घेऊ नका, तो प्रसिद्ध पेपरांकडे झुकतो. प्रत्येकात ते वाक्य शोधा आणि चारपैकी एका खणात टाका: पद्धत किंवा सामग्री वापरली, निष्कर्षावर पुढचे काम उभारले, मतभेद किंवा खंडन, नुसता उल्लेख. प्रस्तावनेत ‘या विषयावर बरेच काम झाले आहे’ म्हणून सात संदर्भांची माळ असते, त्यातला एक असणे हा चौथा खण. पद्धतीच्या किंवा चर्चेच्या भागात नाव घेऊन केलेला संदर्भ बहुधा पहिल्या दोनांतला. चाळीस वाचायला एक दिवस पुरतो. सिमँटिक स्कॉलर आणि साइट ही साधने असे वर्गीकरण यंत्राने करतात, त्यांचा उपयोग पेपर निवडायला करा, निकालाला नको.

वाचताना सायटेशनच्या बाहेर राहिलेला प्रभावही सापडतो. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वाँकारे अनुमान या गणितातल्या जुन्या प्रश्नाची सिद्धता २००२-०३ मध्ये तीन प्रीप्रिंटमध्ये ठेवली आणि जर्नलमध्ये कधीच छापली नाही. फक्त जर्नल मोजणाऱ्या यादीत ते काम येणार नाही. मेंडेल यांचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि १९०० पर्यंत जवळपास दुर्लक्षित राहिला. उलट टोकाला ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांचा प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा १९५१ चा पेपर, ज्याला तीन लाखांहून जास्त सायटेशन आहेत: अतिशय उपयोगी, पण त्यामुळे जीवशास्त्रातली ती सर्वांत मोठी कल्पना ठरत नाही. आणि एखादी कल्पना इतकी रुळते की तिचा संदर्भ देणेच लोक सोडून देतात. तिथे क्षेत्रातल्या पाठ्यपुस्तकांत नाव येते का ते बघा.

अहवालात काय लिहायचे

डेटाबेसचे नाव, माहिती उतरवल्याची तारीख, कालखंड, किती पेपर काढले आणि का, हे पहिल्या परिच्छेदात. नंतर आकडे, स्वतःच्या सायटेशनसह आणि त्याशिवाय. दशांशाची दोन स्थळे पुरेत, १.७४८३ लिहिल्याने अचूकता वाढत नाही. वीसपेक्षा कमी पेपर असतील तर टक्केवारीऐवजी ‘१२ पैकी ३’ असे लिहा. सहलेखकांचा नकाशा द्या, त्याखाली मोजणीची पद्धत आणि मर्यादा. चाळीस वाक्यांच्या वर्गीकरणाचा तक्ता, आणि त्यातली दोन-तीन वाक्ये जशीच्या तशी.

साफ केलेली यादी संबंधित संशोधकाला पाठवून आठवडाभराची मुदत द्या. गळालेला पेपर आणि परका पेपर त्याच्याइतक्या झटकन कोणी ओळखत नाही. उत्तर आले की दुरुस्त्या शेऱ्याच्या रकान्यात नोंदवा, मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा आणि चौथ्या पायरीपासून गणित पुन्हा करा.